स्क्रूला हात लावा, लाकडाला नको

जुन्या बेसगिटारीतला कपॅसिटर काढून तिथे कागद-तेलाचा परदेशी कपॅसिटर घातला की आवाज ‘वॉर्म’ होतो, असं सांगणारी मंडळी हल्ली माझ्याकडे वरचेवर येतात. त्यांना मी चहा देते आणि कपाटातून मीटर काढते. मीटरला वॉर्मपणा कळत नाही, त्याला मायक्रोफॅरड कळतात. ०.०४७ मायक्रोफॅरडचा साधा पॉलिस्टर कपॅसिटर पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चहाच्या पैशात मिळतो. परदेशी त्याच्या कित्येक पट महाग. दोघांचा मोजलेला आकडा एक असेल, तर गिटारीतून येणारा आवाजही एकच असतो. कोणता कपॅसिटर चालू आहे हे न सांगता ऐकवलं, तर छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात, बरोबर सांगणारे नाहीत.

माझी नोकरी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात गेली. संध्याकाळी मी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायची. त्या काळी स्टेजवर बेस धरून उभी असलेली बाई ही प्रेक्षकांना निवेदकाच्या विनोदांपेक्षा जास्त करमणूक वाटायची, पण तो विषय वेगळा. आता दोन्ही थांबलंय. घरातल्या मधल्या खोलीत लोकांच्या गिटारी दुरुस्त करते.

वर्तमानपत्रात हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. साठ-सत्तरच्या दशकातल्या इलेक्ट्रिक बेसगिटारी मुंबईत, पुण्यात आणि गोव्यात काही घरांमध्ये अजून कपाटावर पडून आहेत. आयातीवर कडक बंधनं होती तेव्हा बोटीवर वाजवायला जाणाऱ्या वादकांनी त्या आणल्या, कुणाच्या परदेशातल्या भावाने पाठवल्या. त्यांच्यावर हॉटेलातले बँड चालले, लग्नं झाली, सिनेमाची रेकॉर्डिंग झाली. वाजवणारा माणूस जातो, मग भाचा किंवा पुतण्या पेटी खाली काढतो, इंटरनेटवर किमती बघून त्याचे डोळे विस्फारतात आणि गिटार ‘रिस्टोअर’ करायला जाते. परत येते ती नवरीसारखी नटून. नवं पॉलिश, नवे पिकअप, नवे नॉब आणि मागच्या बाजूला नऊ व्होल्टच्या बॅटरीसाठी खोदलेला खड्डा.

माझं म्हणणं असं, की जुन्या बेसचा आवाज आपल्याला हवा तसा घडवायची पूर्ण मुभा घ्या, पण स्क्रू आणि सोल्डरपर्यंतच. लाकूड खोदणारा राउटर, रंधा आणि पॉलिशपेपर लांब ठेवा. आवाजात जो फरक हवा असतो तो जवळजवळ सगळा स्क्रूच्या अलीकडेच मिळतो, आणि नाही आवडला तर दुसऱ्या दिवशी मागेही घेता येतो. खोदलेलं लाकूड मागे येत नाही.

हे मी जुन्या वस्तूंच्या भक्तीतून म्हणत नाही. मी ज्या फेंडर बेसबद्दल बोलतेय ती ज्याने केली त्याच्याकडेही ती भक्ती नव्हती. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ साली त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. गिटार वाजवायला तो कधी शिकला नाही, याचं मला फार बरं वाटतं. १९५१ साली त्याने प्रिसिजन बेस आणला. माणसाएवढा उभा डबल बेस घेऊन फिरण्याऐवजी गळ्यात अडकवता येईल अशी ही वस्तू. वाजणारी तार ३४ इंच लांब आणि दांडीवर फ्रेट, म्हणजे बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी सूर नेमका. दांडी अंगाला स्क्रूंनी जोडलेली, पिकगार्ड स्क्रूंनी, तारा टेकतात तो ब्रिजही स्क्रूंनी. बिघडलं की काढा, दुसरं लावा. १९५७ मध्ये त्याने स्वतःच पिकअप बदलून दोन तुकड्यांचा केला. १९६० मध्ये जॅझ बेस आला, त्याला आधी एकावर एक बसवलेले दुहेरी नॉब होते, दोनेक वर्षांत ते जाऊन साधे तीन आले. स्वतःच्या कामात इतक्या वेळा स्क्रूड्रायव्हर घालणाऱ्या माणसाच्या गिटारीपुढे मी उदबत्ती कशाला लावू?

प्रिसिजनच्या पोटात आहे तरी काय? एक पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेत बदलणारी चुंबकावरची गुंडाळी; आवाज आणि टोन कमीजास्त करणारे २५० किलोओहमचे दोन पॉट; एक कपॅसिटर आणि केबलचा जॅक. बॅटरी नाही. म्हणजे या सर्किटला आवाजात काही भर घालताच येत नाही, फक्त काढून टाकता येतं. टोनचा नॉब मागे घेतला की वरच्या कंपनांचा काही भाग कपॅसिटरच्या वाटेने ग्राउंडला जातो, बस्स. नॉब पूर्ण उघडा असताना पॉटचे २५० किलोओहम मध्ये आडवे असतात, तेव्हा कपॅसिटरचा संबंध नावापुरता उरतो. किती मायक्रोफॅरडचा, यावर काप कुठून सुरू होणार ते ठरतं. तो कशाचा बनवलाय यावर या ठिकाणी काही ठरत नाही. वर्गात मी हे दरवर्षी शिकवत होते आणि मुलं ते वहीत उतरवून घेत होती. त्यांतलेच काही आता मला कपॅसिटरची जाहिरात दाखवायला येतात.

मग दोन जुन्या प्रिसिजनचा आवाज वेगळा का येतो? एक कारण अगदी रुक्ष आहे. छापलेला आकडा आणि खरा आकडा यांत अंतर असतं. त्या काळच्या भागांची टॉलरन्स सैल होती आणि काही कपॅसिटरांची किंमत वयाबरोबर सरकते. पॉटवर २५० लिहिलेलं असतं, मोजला की २१० निघतो, शेजारचा २८०. पॉट मोठ्या आकड्याचा असेल तर वरचे स्वर जरा जास्त शिल्लक राहतात. एखाद्या गिटारीचा टोन आवडला असेल तर मोजा आणि तेवढ्याच किमतीचा भाग आपल्या गिटारीत घाला. खर्च शंभर रुपयांच्या आत.

मात्र काढलेला पॉट फेकू नका. त्याच्या पाठीवर किंवा कडेला आकडे ठोकलेले असतात आणि जुन्या फेंडरचा तो जन्मदाखला असतो. सुरुवातीला १३७ असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा, ३०४ असेल तर स्टॅकपोलचा. पुढचे दोन आकडे वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. १३७७३१२ म्हणजे सीटीएस, १९७३, बारावा आठवडा. गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही, नंतरची असू शकते; फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा इतका मोठा साठा करून ठेवला होता की पुढच्या काही वर्षांतल्या गिटारींतही सहासष्टचेच पॉट सापडतात. पॉट खरखरतो म्हणून बदलायची तर सहसा गरजच नसते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारायचा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरवायचा.

आता त्या आवाजाकडे येऊ, ज्याच्या मागे सगळे लागलेत. जेम्स जेमर्सन. साठच्या दशकात डेट्रॉइटमधल्या वेस्ट ग्रँड बूलेव्हार्डवरच्या एका घरात मोटाउन कंपनीचा स्टुडिओ होता आणि तिथल्या असंख्य गाण्यांचा बेस या एका माणसाचा. त्याची गिटार १९६२ ची प्रिसिजन. तिच्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा, म्हणजे वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या, हाताला गुळगुळीत लागणाऱ्या. तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे. ब्रिजवर फेंडरचं मूळ धातूचं झाकण, त्याच्या आत तारांना टेकणारा फोम. उजव्या हाताची फक्त तर्जनी. दोन्ही नॉब पूर्ण उघडे. आणि बऱ्याचदा अ‍ॅम्पशिवाय, थेट रेकॉर्डिंगच्या कन्सोलमध्ये.

ही यादी पुन्हा वाचा. जुन्या तारा, फोमचा तुकडा, एक बोट. हिच्यात लाकडाला लावलेलं एकही हत्यार नाही. ती गिटार त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी चोरीला गेली. १९८३ मध्ये तो गेला. ती उद्या सापडली तर संग्राहक काय किंमत देतील याची कल्पना करवत नाही, पण विकत घेणाऱ्याला त्या तर्जनीचा सराव वेगळा करावा लागेल.

फोमची ताकद लोकांना पटत नाही, कारण तो फुकट असतो. तार छेडली की मूळ कंपनाबरोबर वरच्या पटीतली कंपनं उठतात. ब्रिजजवळ फोम टेकवला की ही वरची कंपनं आधी मरतात आणि मूळ स्वरही लवकर विझतो. स्वर आखूड झाला की दोन स्वरांमध्ये जागा उरते आणि त्या जागेत ड्रम ऐकू येतो. लिओच्या डोक्यात डबल बेसचा तो टुम्म करून थांबणारा आवाजच होता. सुरुवातीच्या जॅझ बेसमध्ये प्रत्येक तारेखाली स्प्रिंगवर बसवलेले फेल्टचे तुकडेसुद्धा होते. वादकांनी झाकणं काढून फेकली. काहींनी त्यांचा अ‍ॅशट्रे केला, आणि झाकणाला ‘अ‍ॅशट्रे’ हे नावच पडलं. झाकणाबरोबर आतला फोमही गेला. आता त्यांचीच नातवंडं विचारतात, जुन्या रेकॉर्डसारखा आवाज का येत नाही.

लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये त्याच काळात कॅरल के प्लेक्ट्रमने बेस वाजवत होत्या आणि त्या फेल्टचा तुकडा ब्रिजपाशी तारांच्या वरून ठेवायच्या. बायकांनी बेस वाजवावा का, या प्रश्नाला वर्षानुवर्षं माझं उत्तर कॅरल के एवढंच असायचं. विचारणाऱ्यांना त्या कोण ते माहीत नसायचं, त्यामुळे संभाषण तिथेच संपायचं.

तारांचंही तसंच. १९६६ मध्ये ‘द हू’ या रॉक बँडच्या जॉन एन्टविसलने रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून राउंडवाउंड, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या, तारा जमवल्या आणि बेसला पियानोसारखी धार आली. धार चांगलीच आहे, रॉक वाजवायचं तर हवीच. पण साठच्या दशकाच्या सुरुवातीची गिटार चपट्या तारांच्या जमान्यात बनलेली आहे, आणि राउंडवाउंड तारा फ्रेट भराभर झिजवतात. नव्या राउंडवाउंड लावून वर ‘विंटेज टोन येत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्याला मी आधी तारा बदलायला पाठवते. फ्लॅटवाउंडचा संच महाग असतो हे खरं. पण तो वर्षानुवर्षं चालतो.

गेल्या पावसाळ्यात हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा मामाची प्रिसिजन घेऊन आला. मामा गोव्याचे, बोटीवर वाजवायचे. पॉटवर त्र्याहत्तरचा शिक्का. मुलाने बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प आणि नवे पिकअप आधीच मागवून ठेवले होते. लाकूड खोदणाऱ्याचा पत्ताही घेतला होता.

“मॅडम, वरच्या दोन तारा ऐकूच येत नाहीत. पिकअप मेलाय बहुतेक.”

“मेलाय असं कुणी सांगितलं?”

“दुकानात.”

“अरे, मेलेला पिकअप अजिबात वाजत नाही. हा हळू वाजतोय.”

प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत असतो. एक तुकडा जाड तारांखाली, दांडीच्या बाजूला सरकलेला, आणि दुसरा बारीक तारांखाली, ब्रिजकडे सरकलेला. दोन्ही स्क्रूंनी खाली ओढलेले असतात आणि खालून फोम त्यांना वर ढकलत असतो. पन्नास वर्षांत त्या फोमचा भुगा होतो. पिकअप खड्ड्यात बसतो, तारेपासून लांब जातो आणि आवाज खाली येतो. मुलाच्या गिटारीत बारीक तारांखालचा तुकडा पार तळाला गेला होता. पिकअपच्या आवरणावरून जुना फोम खरवडून काढला, नवा कापून घातला, स्क्रू फिरवत दोन्ही तुकडे तारांपासून सारख्या अंतरावर आणले. फार वर आणूनही चालत नाही. पिकअपमधले चुंबक तारेला ओढायला लागतात आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो. मीटरवर दोन्ही गुंडाळ्या शाबूत. त्या काढून टाकायच्या आणि त्या जागी कोऱ्या घालायच्या, हा विचारच मला सोसत नाही. पन्नास-साठच्या दशकात फेंडरच्या कारखान्यात पिकअपची गुंडाळी करणाऱ्यांत अबीगेल इबारा होत्या, ज्यांच्या हातचे पिकअप आज संग्राहक शोधत फिरतात. त्या काळी त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्या फक्त नीट गुंडाळत होत्या.

मुलाची दुसरी तक्रार होती की पहिल्या तारेवर पाचव्या-सहाव्या फ्रेटच्या आसपास एक स्वर उमटतो आणि लगेच गळतो. ही फेंडर बेसची जुनीच खोड आहे. लांब, सडपातळ दांडी स्वतःच त्या स्वराच्या आसपास थरथरते आणि तारेची शक्ती खाऊन टाकते. यावरही लोक दांडी तासायला निघतात. खुंट्यांपाशी, दांडीच्या टोकाला एक जडशी क्लॅम्प चिमटवली की दांडीचं वजन बदलतं, तिची थरथर सरकते आणि गळका स्वरही दुसरीकडे जातो. पुष्कळदा तो दोन फ्रेटच्या मध्ये जाऊन बसतो, जिथे कुणी त्याला त्रास देत नाही. क्लॅम्प काढली की गिटार पूर्वीसारखी. मुलाने फ्लॅटवाउंड लावल्या, ब्रिजपाशी फोमची पट्टी सरकवली आणि प्रीअ‍ॅम्प दुकानाला परत केला. दुकानाने पैसे परत दिले नाहीत, त्याऐवजी केबल दिल्या. असो.

जॅझ बेसवाले निराळं दुखणं घेऊन येतात, घुरघुर. जॅझ बेसमध्ये दोन वेगवेगळे पिकअप असतात, त्यांची गुंडाळी आणि चुंबक एकमेकांच्या उलट. दोन्ही व्होल्यूम सारखे ठेवले तर घुरघुर एकमेकांना खोडते. एक जरा मागे घेतला की ती परत येते. यात बिघाड काही नाही, रचनाच तशी आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे मूळ घुरघुर जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या स्वराच्या जरा वर पडते आणि बेसच्या सुरांत मिसळून कान बिघडवते. ती पिकअप बदलूनच घालवायची तर बिनघुरघुरीचे पिकअप त्याच खड्ड्यात बसणारे मिळतात. मूळचे काढून नीट गुंडाळून पेटीत ठेवा. पण त्याआधी हॉलचं अर्थिंग तपासा. जुन्या नाट्यगृहात आणि मंगल कार्यालयात दोन पिनांच्या सॉकेटला अ‍ॅम्प लावून वाजवणारे बहाद्दर मी पाहिलेत. गिटारीच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पला अर्थिंग नसेल आणि ओठ माइकला लागले तर टोनची चर्चा कायमची संपू शकते.

आता माझ्या विरुद्ध बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा. जाको पास्टोरियसने १९६२ च्या जॅझ बेसमधले फ्रेट उपटले, खाचा भरल्या, बोर्डावर इपॉक्सीचा थर दिला आणि १९७६ च्या त्याच्या रेकॉर्डने बेस हे वाद्य काय करू शकतं याची कल्पनाच बदलली. मार्कस मिलरची १९७७ ची जॅझ बेस गिटार कारागीर रॉजर सॅडोव्स्कीने प्रीअ‍ॅम्प घालून बदलली, आणि त्या आवाजावर एक अख्खी पिढी वाढली. मी तेव्हा दुरुस्तीला असते आणि माझं ऐकलं असतं, तर हे दोन्ही आवाज झाले नसते. हे मला मान्य आहे, आणि ते टोचतंही.

पण ही माणसं जुनी वस्तू बदलत नव्हती. मिलरची गिटार तेव्हा नवीच होती. जाकोची हातातून हातात फिरणारी, कुणी मुद्दाम जपून ठेवत नसलेली. आज जाकोसारखं फ्रेटविना वाजवायचं असेल तर फ्रेटलेस बेस दुकानात मिळतो. मिलरचा आवाज हवा असेल तर प्रीअ‍ॅम्प गिटारीबाहेर, पायाखालच्या पेडलमध्येही ठेवता येतो. १९६२ ची गिटार मात्र आता कुणी बनवत नाही. साठच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या फेंडरच्या बोर्डावर ब्राझीलचं रोझवूड असे, नंतर कंपनी भारतीय शिसवीकडे वळली. ब्राझीलच्या त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून जवळजवळ बंदी आहे. तो बोर्ड ‘साफ’ करायला पॉलिशपेपरने घासणाऱ्याला मी काय म्हणू? आपल्या शिसवीवरही २०१७ मध्ये परवान्याची अट आली, आणि तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला २०१९ उजाडलं.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर काय करतो बघा. तो घोडीचा माथा घासतो, तार टेकवून ऐकतो, पुन्हा घासतो. घोडी झिजली तर नवी येते, तिला तसंच करायचं असतं. भोपळ्याला तो कानस लावत नाही. आपल्याकडे ही समज पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग फेंडरच्या बाबतीत ती कुठे जाते, मला समजत नाही.

संग्राहकांशी माझं पटतं असं समजू नका. कोलंबिया ब्रॉडकास्टिंगने जानेवारी १९६५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरला फेंडर कंपनी विकत घेतली. त्या तारखेच्या आधीची गिटार असेल तर भाव आकाशाला भिडतात, जणू त्या महिन्यात लाकडाने वाजायचं सोडलं. सोल्डरचा मूळ ठिपका हललेला नाही याचे फोटो मागणारे लोक आहेत. गिटार काचेच्या कपाटात, वर हवेतली आर्द्रता मोजणारा डबा. ही गिटार नाचणाऱ्या लोकांसाठी बनली होती. वाजवणाऱ्याने तारा बदलाव्यात, पॉट बदलावा, ग्राउंड सुटला असेल तर सोल्डर करावा. संग्राहकाला त्रास झाला तर होऊ दे. मी एवढंच मागते, की काढलेला प्रत्येक भाग प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तारीख लिहून, गिटारीच्या पेटीत ठेवा. पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला निवड राहू दे.

आणि थोडं आपल्या ऐकण्याविषयी. कार्यक्रमाला कुणीतरी हमखास साउंडवाल्याकडे येऊन सांगतो, “दादा, बेस वाढवा.” साउंडवाला सगळ्यात खालचा नॉब फिरवतो. बेसगिटारीची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. ती पातळी एखाद्या बंदिस्त हॉलमध्ये वाढवली की भिंती गुरगुरतात आणि स्वर कोणता हे कुणालाच कळत नाही. मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतींनी आपल्या कानांना असं शिकवलंय की छातीत धक्का बसला म्हणजे बेस. माझं लहानपण विविध भारतीवर गेलं. आमच्या रेडिओच्या वितभर स्पीकरला ४१ हर्ट्झ काढताच येत नव्हते. तरी आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस आम्हाला ऐकू यायचा, तोंडपाठ असायचा. कारण स्पीकरमधून वरची कंपनं येत होती आणि त्यांवरून खालचा स्वर मेंदू स्वतः लावून घेत होता. आजच्या मोबाइललाही हेच लागू. बेस ओळखू येतो तो शे-दोनशेपासून सात-आठशे हर्ट्झपर्यंतच्या भागात. पिकअपची उंची, तारांचा प्रकार, बोट दांडीजवळ की ब्रिजजवळ, टोनचा नॉब जरासा मागे, या सगळ्यांची मशागत तिथेच चालते. बोट ब्रिजकडे चार इंच सरकवून पाहा. कुठल्याही प्रीअ‍ॅम्पपेक्षा जास्त फरक पडतो.

तेव्हा मामाची किंवा काकांची बेस घरात सापडली, तर आधी तिला पुसा. कोरड्या, मऊ कापडाने. पॉलिश नको. तारा काढल्या तर चारही एकदम काढून महिनोन्‌महिने तशीच ठेवू नका, दांडी मागे वाकते. पॉटवरचे आकडे लिहून घ्या. मग कुणाला तरी दाखवा, आणि त्याने पहिल्या पाच मिनिटांत ‘पिकअप बदलावे लागतील’ असं सांगितलं तर गिटार उचलून घरी या.

पिकअपखालचा फोम कुठे मिळतो, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. गादीवाल्याकडचा पिवळा, हलका स्पंज घेऊ नका. तो काही वर्षांत चिकट होतो आणि पिकअपच्या आवरणाला डिंकासारखा धरून बसतो. पॅकिंगवाल्याकडे बंद छिद्रांचा, दाट काळा किंवा पांढरा फोम मिळतो, दाबला की परत फुगणारा. एक सेंटीमीटर जाडीचा आणा, ब्लेडने पिकअपच्या मापाच्या पट्ट्या कापा, लागल्या तर दोन एकावर एक घाला. आणि उरलेला तुकडा टाकू नका, ब्रिजपाशी तारांखाली सरकवायला तोच चालतो.